चारशेबारावा बदल

१

मंगळवारी सकाळी अकरा वाजून चाळीस मिनिटांनी एका इस्पितळात डायलिसिसच्या यंत्राचा पंप चालता चालता थांबला. यंत्राला एक म्हातारे गृहस्थ जोडलेले होते आणि त्यांचं रक्त नळ्यांमध्ये अडकून पडलं. सिस्टर धावली. तिने पंपाचं हँडल बाहेर ओढलं आणि अकरा मिनिटं हाताने फिरवून रक्त परत त्यांच्या अंगात पोचवलं. आजोबा वाचले. पंपाचा वेग कोणीतरी मुद्दाम शून्य केला होता, हे संध्याकाळपर्यंत उघड झालं. आणि बुधवारी सकाळी त्यासाठी माझ्या नणंदेला कामावरून घरी पाठवण्यात आलं.

माझ्या नणंदेला! शेजाऱ्यांची मांजर उंबऱ्यात झोपली असेल तर जी बाई तिला न उठवता मागच्या दाराने बाहेर पडते, तिला!

आमचं नातं आधीच सांगून टाकते, म्हणजे मागाहून कोणी मला पक्षपाती म्हणायला नको. चौतीस वर्षं आम्ही एका घरात राहतो आणि चौतीस वर्षं भांडतो. भांडायला विषय लागत नाही, दोघींपैकी एक घरात असली की पुरतं. त्यात भर म्हणजे आम्ही दोघी एकाच कंपनीत नोकरीला. त्या चाचणी विभागात, यंत्रं मोडून बघायला. मी कोड तपासनीस, म्हणजे लोकांनी लिहिलेला कोड ओळीओळीने वाचून चुका काढायच्या आणि महिन्याच्या महिन्याला पगार घ्यायचा. दोन वर्षांपूर्वी मी निवृत्त झाले. चुका काढायची सवय मात्र काही निवृत्त झाली नाही.

शुक्रवारी सकाळी खाली आले, तर वन्सं जिन्यावर बसलेल्या. मांडीवर कंपनीचा निळा कोट, घडी करून. आज चार वाजता बैठक होती आणि तिथे त्यांच्या बडतर्फीच्या पत्रावर सही व्हायची होती. हे, म्हणजे माझा नवरा, बहिणीसमोर यायला धजत नव्हते. ते नुसते स्वयंपाकघरात येरझाऱ्या घालत होते.

"वहिनी," वन्सं म्हणाल्या, "एकोणीस वर्षांत मी एक दिवस खाडा केला नाही. आता लोक म्हणतील, हिने माणसाला मारायला पाहिलं."

"लोकांच्या तोंडाला कोण हात लावणार? मला सांगा, तुम्ही केलंत का?"

त्या अशा चमकल्या की मलाच ओशाळल्यासारखं झालं. पण विचारायला हवंच होतं. तपासायचं म्हटलं की नातं बाजूला.

"नाही," त्या म्हणाल्या.

तेवढ्यात माझा फोन वाजला. मास्तरांचा होता. ज्या ड्रायव्हर नावाच्या प्रोग्रामवरून हे सगळं रामायण घडलं, तो लिहिणारे आणि पंचवीस वर्षं जपणारे मास्तर. "बाई, ताबडतोब या," ते म्हणाले. "हे लोक चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायला निघालेत. आणि मला वाटतं, चूक माझ्याच घरात आहे."

२

निघण्याआधी मी वन्संकडून प्रकरण समजून घेतलं. तुम्हालाही थोडक्यात सांगते, अवघड नाही.

यंत्राच्या पोटात जो मूळ प्रोग्राम बाकी सगळ्यांवर हुकूम चालवतो, त्याला कर्नल म्हणतात. एकेका उपकरणाशी बोलायला त्याच्याकडे एकेक ड्रायव्हर असतो. डायलिसिसच्या यंत्राला रुग्णाचा वजनकाटा वायरने जोडलेला असतो, त्याचाही एक ड्रायव्हर. काटा जोडला की हा ड्रायव्हर मेमरीतली एक जागा भाड्याने घेतो, काढला की सोडतो. इथपर्यंत ठीक. पण वजन वाचणाऱ्या प्रोग्रामकडे त्या जागेची किल्ली तशीच राहत होती. भाडेकरू गेला आणि किल्ली खिशात घेऊन गेला, असा प्रकार. कर्नल बिचारा ती जागा पुढे दुसऱ्याला देणार, पंपालासुद्धा. मग जुन्या किल्लीवाल्याने कधीही आत शिरावं आणि पंपाच्या वेगाच्या जागी हवा तो आकडा लिहावा.

"हे भोक तुम्ही शोधलंत?"

"तीन आठवड्यांपूर्वी. आणि वाटा दोन आहेत, वहिनी. पहिली, कोणीतरी हाताने काट्याची वायर उपटायची. दुसरी त्याहून वाईट. यंत्र मिनिटभर झोपवून जागं केलं की तेव्हाही तेच होतं. त्याला हात लावावा लागत नाही, लांब आपल्या टेबलावर बसून करता येतं."

"मास्तरांनी काय केलं?"

"पहिली वाट बुजवली. दुसरीला मोठी डागडुजी लागते, ती लपवून करता येत नाही, म्हणून थांबले. मी म्हटलं, तोवर यंत्रं बंद ठेवा. कोणी ऐकेना. तेव्हा साहेब आणि मास्तरांबरोबरच्या बैठकीत मी बोलून गेले."

"काय बोललात?"

वन्संनी मान खाली घातली. "एकदा पंप थांबला ना, मगच तुमचे डोळे उघडतील, असं."

मी कपाळावर हात मारून घेतला. आमच्या घरात जीभ सैल सोडायचं काम माझं, ते यांनी नेमकं नको तिथे केलं होतं.

कार्यालयात साहेबांनी मला समोर बसवलं. टेबलावर ते पत्र होतंच, सही तेवढी बाकी.

"तुमची नणंद आहे ती," ते म्हणाले. "तुम्हाला चौकशी कशी करू देणार?"

"साहेब, ज्याला नणंद-भावजय हे प्रकरण माहीत नाही त्यानेच मला पक्षपाती म्हणावं. ती दोषी निघाली तर पहिली मी सांगेन. चार वाजेपर्यंतचा वेळ द्या."

मास्तर दारात उभे होते. त्यांनी होकाराची मान हलवली. साहेबांनी सुस्कारा सोडला आणि बोटांवर मोजत हिशेब मांडला. ते गुपित तीनच माणसांना माहीत होतं : वन्सं, मास्तर आणि ते स्वतः. मंगळवारी साहेब दिवसभर परगावी, शंभर माणसांसमोर. मास्तर सकाळभर बैठकीत होते, अकराला आमच्या वन्संबरोबर नवी आवृत्ती बघायला वॉर्डात पोचले आणि डॉक्टरांशी बोलत बसले. त्याआधी आपल्या टेबलावर एकट्या होत्या त्या वन्संच.

"आणि मुद्द्याची गोष्ट," साहेब म्हणाले, "पहिली वाट बुजवणारा बदल नऊ दिवस आधीच कोडमध्ये गेला होता. मंगळवारी सकाळी तीच नवी आवृत्ती वॉर्डातल्या यंत्रावर चढवली. म्हणजे पहिली वाट बंद. म्हणजे हल्ला दुसऱ्या वाटेने झाला. ती वाट कोणाला माहीत होती? आम्हा तिघांना. तिघांतून दोघं गेले की कोण उरतं?"

बोलण्यात कुठे फट दिसेना. मी उठले आणि इस्पितळाकडे निघाले.

३

इस्पितळ पलीकडच्याच रस्त्यावर. वॉर्डात सहा पलंग, सहा यंत्रं. सातवं कोपऱ्यात ढकललेलं, कागदी पट्ट्या चिकटवून सील केलेलं. जिने पंप फिरवला ती सिस्टर उंच, हाडापेराने मजबूत. तिच्या उजव्या तळव्यावर फोड फुटून सुकला होता.

"तुमच्या त्या बाई भल्या आहेत हो," ती म्हणाली. "मी हँडल फिरवत होते ना, त्या शेजारी उभ्या राहून मोठ्याने मिनिटं मोजत होत्या."

"आजोबांना किती वाजता जोडलं होतं?"

"अकराला. खरं तर त्यांची वेळ बाराची. सकाळची पाळी दहाला संपते, मग दोन तास यंत्र रिकामं असतं, धुवायला. पण त्यांना धाप लागलेली, डॉक्टर म्हणाले, थांबू नका."

म्हणजे अकरा चाळीसला ते यंत्र रिकामं असायचं होतं! हे मी मनाच्या कोपऱ्यात ठेवून दिलं.

"त्याआधी काही वेगळं घडलं? बारीकसारीक काहीही?"

सिस्टर विचारात पडली. मग टेबलावरची वजनाची वही ओढून तिने पानावर बोट ठेवलं. सकाळच्या पाळीच्या एका आजींचं जातानाचं वजन. समोर तिच्या अक्षरात लिहिलं होतं : दहा वीस, काटा बंद. खाली, दहा पंचवीस, पुन्हा वजन घेतलं.

"आजी काट्यावर उभ्या आणि काटा एकदम कोरा," ती म्हणाली. "मी वळून पाहिलं तर तुमच्या कंपनीचा माणूस यंत्रामागे वाकलेला. म्हणाला, वायर सैल होती, काढून परत लावली. तोच तो, नवी आवृत्ती चढवायला आला होता. शर्ट असा कडक की बसला तर मोडेल."

मी वही दोनदा वाचली. हाताने काढलेली वायर, म्हणजे पहिली वाट. पण पहिली वाट तर बुजवली होती! आणि तो शर्टवाला कोण, हे मला सांगायची गरज नव्हती.

४

त्याला सगळे इस्त्री म्हणतात. पंचेचाळीशीचा गृहस्थ, शर्टाला सुरकुती पडलेली कोणी कधी पाहिली नाही. आठवडाभरात कोडमध्ये जेवढे बदल होतात, ते गोळा करायचे, त्यांची यादी करायची, नवी आवृत्ती बांधायची आणि गिऱ्हाइकाच्या यंत्रावर नेऊन चढवायची, हे त्याचं काम. टेबलावर पेन्सिलीसुद्धा उंचीप्रमाणे लावलेल्या.

"या, या, बाई! किती दिवसांनी!" त्याने स्वतःची खुर्ची मला दिली. "वाईट झालं हो. आम्ही दोघं रोज एकत्र जेवायचो. बहिणीसारख्या मला."

"वायर तुम्ही काढलीत?"

"हो, काढली की. नवी आवृत्ती चढवली की काटा एकदा काढून लावून बघायचा, हा नेहमीचा रिवाज आहे." चेहऱ्यावर रेषा हलली नाही. "पण ते भोकाबिकाचं म्हणाल, तर मला कोणी सांगितलंच नव्हतं. तिघांच्या यादीत मी कुठे होतो? मला तर बुधवारी कळलं, सगळ्यांबरोबर."

"ते यंत्र सील करायचं कोणी ठरवलं?"

"मीच सुचवलं साहेबांना. पुरावा आहे, कोणी हात लावू नये. मोठ्या तपासणीला पुढच्या महिन्यात जाईल." त्याने मागच्या कपाटातून कागदांचा गठ्ठा काढून माझ्या हातात दिला. "ही मंगळवारच्या आवृत्तीची यादी. तुम्हाला कागदावर वाचायला आवडतं ना? ठेवा."

इतकी माया मला सोसत नाही. कुठेतरी पाणी मुरतंय, असं वाटत राहिलं. तरी बोलणं त्याचं खरं होतं. ज्याला भोक आहे हेच माहीत नाही, तो त्यातून शिरणार कसा?

मी वहीचं सगळं साहेबांना सांगितलं आणि आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला. साहेब खुर्चीत पुढे सरकले.

"म्हणजे वायरीचं निमित्त करून त्याने तिथे दुसऱ्या वाटेची सोय केली. आणि गुपित त्याला माहीत नव्हतं. मग त्याला सांगितलं कोणी? रोज बरोबर कोण जेवतं?" त्यांनी पत्र स्वतःजवळ ओढलं. "बाई, तुम्ही तिला सोडवायला गेलात आणि तिचा साथीदार शोधून आणलात."

घड्याळात सव्वादोन झाले होते.

५

मास्तरांच्या खोलीत बसायला जागा नसते. खुर्च्यांवर उघडलेली यंत्रं, खिडकीत स्क्रू भरलेल्या बरण्या. मी एक वजनकाटा उचलून जमिनीवर ठेवला आणि बसले.

"तुमचा तो बदल दाखवा," मी म्हटलं.

त्यांनी पडद्यावर आणला. पाच ओळी. वर शीर्षक : किरकोळ साफसफाई.

"हे काय?"

"मग काय लिहू? इथे भोक होतं, चोरांनो, या, असं?" मास्तर वैतागले. "गुपचूप दुरुस्ती करायची तर साधं नाव द्यायचं, हा आपल्या धंद्यातला रिवाजच आहे. त्या आठवड्यात चारशे बारा बदल आत गेले. माझा शेवटचा, चारशेबारावा. कोण बघतंय त्याच्याकडे?"

त्यांचं खरं होतं. साफसफाईचे बदल रोज ढिगाने येतात. मी स्वतः असे हजारो वाचले असतील आणि एकही लक्षात नाही. तरी मी त्या दोन शब्दांकडे बघतच राहिले. काहीतरी खटकत होतं. आणि मग मला हसूच फुटलं, अगदी नको त्या वेळी.

"मास्तर, तुम्ही जन्मात कधी साफसफाई केली आहे?"

"म्हणजे?"

"या ड्रायव्हरमध्ये कोणी नुसती टापटीप करायला गेलं की तुम्ही काय म्हणता?"

"चालतंय ते चालू दे," ते पाठ केल्यासारखे म्हणाले. आणि थांबले.

सगळ्या कंपनीत प्रसिद्ध आहे ते वाक्य. कारणाशिवाय त्या कोडमधला एक स्वल्पविरामसुद्धा मास्तर हलवू देत नाहीत. पंचवीस वर्षांत एकही साफसफाई त्यांनी आत घेतली नव्हती. आणि आता हे स्वतःच्या हाताने साफसफाई लिहून मोकळे झाले होते.

"तुम्ही परत पाठवलेले बदल आहेत का ठेवलेले?"

होते. या ड्रायव्हरसाठी सहा वर्षांत साफसफाईचे चौदा बदल आले होते. नावं नीट करा, ओळी सारख्या करा, जुना पसारा काढा. चौदाही एकाच माणसाचे. प्रत्येकाखाली मास्तरांचं तेच एका ओळीचं उत्तर. पाठवणारा इस्त्री.

मास्तर हळूच माझ्या समोरच्या यंत्रावरच टेकले.

मी मात्र पिशवीतून इस्त्रीने दिलेली यादी काढली. वाचायचं म्हणजे वाचायचं, पहिल्या ओळीपासून. मास्तर म्हणाले, तीन वाजायला आले, शेवटचं पान बघा आणि सोडा. मी म्हटलं, शेवटचं पान बघून मी आजवर कधी पगार घेतला नाही. पेन्सिलीने एकेका ओळीवर खूण करत गेले. डोळे चुरचुरायला लागले, मान अवघडली. वन्संचा जिन्यावरचा चेहरा समोर येत होता, म्हणून जास्तच घट्ट धरून बसले.

शेवटच्या ओळीवर खूण केली तेव्हा तीन वाजून वीस मिनिटं झाली होती. यादीत चारशे अकरा बदल होते.

६

पावणेचारला साहेबांच्या खोलीत आम्ही चौघं : साहेब, मास्तर, इस्त्री आणि मी. त्याआधी मी दोन फोन केले होते. एक घरी : वन्सं, कोट घाला आणि या. दुसरा सिस्टरला. मास्तर साहेबांची परवानगी घेऊन वॉर्डात जाऊन आले होते आणि धापा टाकत होते.

"साहेब," मी म्हटलं, "तुमचा सगळा हिशेब एका गोष्टीवर उभा आहे. पहिली वाट बंद होती. बरोबर?"

"बरोबर."

"बंद नव्हती. मास्तरांचा बदल कोडमध्ये होता, पण वॉर्डात चढवलेल्या आवृत्तीत नव्हता. चारशे बारातला नेमका एक गळला. आत्ता सील काढून मास्तरांनी बघितलं."

"नाही तो तिथे," मास्तर म्हणाले.

"नजरचुकीने राहिला असेल," इस्त्री शांतपणे म्हणाला. "माणूस आहे मी."

"तुम्ही? पेन्सिली उंचीने लावणारे?" मी त्याच्याकडे वळले. "बरं, राहिला असं धरू. मग यादीतूनही कसा राहिला? यादी तर कोडवरून आपोआप निघते. आवृत्तीतून बदल काढला, म्हणून यादीतली ओळही हाताने काढावी लागली. विसरलेला माणूस एवढी मेहनत करत नाही."

त्याने टेबलावरचे कागद सारखे केले.

"पण त्याला भोक माहीत कसं झालं?" साहेबांनी विचारलं. "तिने सांगितल्याशिवाय?"

"तिने सांगितलं असतं तर त्याला दोन्ही वाटा कळल्या असत्या. दुसरी वाट उघडी होती, साहेब. टेबलावर बसून, कशाला हात न लावता काम झालं असतं. मग त्याने बदल कशाला गाळला? वॉर्डात सिस्टरच्या डोळ्यांदेखत वायर कशाला उपटली? कारण त्याला एकच वाट माहीत होती. आणि ती एकच वाट कुठे लिहिलेली होती? वन्संच्या अहवालात दोन आहेत. एकटी पहिली वाट फक्त मास्तरांच्या त्या पाच ओळींत दिसते."

साहेबांनी हातातलं पेन खाली ठेवलं.

"ते शीर्षक हजार माणसांनी वाचून सोडून दिलं असतं," मी म्हटलं. "पण सहा वर्षांत चौदा वेळा ज्याचं तोंड बंद केलं गेलं, त्याला ते टोचलं. मला कधी करू दिली नाही ती साफसफाई हे स्वतः कशी करतात? म्हणून त्याने त्या पाच ओळी उघडल्या. त्या काय बुजवतात ते बघितलं की काय उघडं होतं ते कळायला त्याच्यासारख्या हुशार माणसाला एक दुपार पुरे. कोणीही गुपित फोडलं नाही, साहेब. मास्तरांच्या स्वभावाने ते फोडलं."

मास्तरांनी डोळ्यांवर हात घेतला.

इस्त्रीने आपल्या बाहीचं बटण काढलं, परत लावलं. मग बोलला तेव्हा आवाज चिरकला. "यंत्र रिकामं असायला हवं होतं. वेळापत्रकात रिकामंच होतं, म्हणून शून्य लिहायची वेळ मी अकरा चाळीसची लावून ठेवली होती. अकरा चाळीसला रिकामा पंप थांबला असता, घंटा वाजली असती, एवढंच. तो ड्रायव्हर किती सडलाय ते सगळ्यांना दिसलं असतं. सहा वर्षं मी सांगतोय. सहा वर्षांत या माणसाने माझी एक ओळ वाचली नाही."

खरं सांगते, क्षणभर मला त्याची कीव आली. ड्रायव्हर सडलेलाच होता. त्याचे ते चौदा बदल मी मघाशी चाळले होते, त्यातले निदान चार चांगले होते. वाचायला हवे होते कोणीतरी. मीच नेहमी मास्तरांच्या शेजारी बसायचे, मलाही कधी सुचलं नाही.

पण मग दार उघडलं आणि सिस्टर आत आली. तिने काही भाषण केलं नाही. त्याला ओळखून मान डोलावली आणि तळवा पुढे केला.

"आजोबा कालपासून बसून जेवतात," ती म्हणाली. "म्हटलं, तुम्हाला सांगावं. तुम्ही तर विचारायला आला नाहीत."

"मी घाबरलो," तो पुटपुटला.

"घाबरलात ते समजलं," माझा मात्र तोल गेला. "पण बुधवारी एका बाईच्या गळ्यातलं ओळखपत्र काढून घेतलं तेव्हा तुम्ही तिथेच उभे होतात ना? जिला बहिणीसारखी म्हणता, तिला तीन दिवस खुनी म्हणू दिलंत! एक शब्द नाही निघाला तोंडातून! तुमच्या शर्टाला सुरकुती पडली असती का हो?"

साहेबांनी पोलिसांना फोन लावला, मी खिडकीपाशी जाऊन उभी राहिले. खाली फाटकातून निळा कोट घातलेली एक बाई ताठ मानेने आत येत होती.

७

चार वाजता साहेबांनी वन्संना आपल्या खोलीत बोलावलं, दार लावून घेतलं आणि पत्राचे चार तुकडे केले. "झालं गेलं विसरून जा. सोमवारपासून या. हे तुमचं ओळखपत्र."

वन्संनी हात पुढे केला नाही.

मी मनात म्हटलं, घ्या हो! देताहेत ते घ्या! पण माझी नणंद ती. चौतीस वर्षांत माझ्यापुढे तिने कधी माघार घेतली नव्हती, साहेबांची काय कथा?

"हे तुम्ही माझ्याकडून कुठे काढून घेतलंत?" त्यांनी विचारलं.

"बाहेर. मोठ्या दालनात."

"चाळीस माणसांसमोर. मग तिथेच द्या. आणि काय झालं ते त्यांना तुमच्या तोंडाने सांगा."

साहेब लाल झाले. मास्तर पुढे आले आणि त्यांनी दार उघडून धरलं. "साहेब, चला," ते म्हणाले. "मलाही तिथे काही सांगायचं आहे."

दालनात टेबलांच्या ओळींमधून आम्ही गेलो तेव्हा कळफलकांची टकटक थांबली. साहेब उभे राहून बोलले. सुरुवातीला अडखळले, मग नीट बोलले. चूक कोणाची, आळ कोणावर, कोणी भोक शोधलं आणि कोणाचं ऐकायला हवं होतं, सगळं. मास्तर दोनच वाक्यं बोलले, की त्यांच्या हट्टाने हे झालं आणि हा ड्रायव्हर आजपासून त्यांच्या एकट्याचा नाही. मग साहेबांनी ओळखपत्र दोन्ही हातांनी वन्संपुढे धरलं. त्यांनी ते घेतलं, गळ्यात घातलं. कोपऱ्यातल्या टेबलावरची एक बाई उठून उभी राहिली. मग दुसरी. मग सगळेच.

माझ्या डोळ्यांना धारा लागल्या. लाज कसली त्यात? माझी नणंद होती ती, आणि मला तिचा अभिमान वाटत होता. इतक्या वर्षांत तसं कधी म्हटलं नव्हतं, म्हणून पुढे होऊन म्हणायला गेले, तर त्या निघूनही गेल्या होत्या, आपल्या टेबलाकडे.

"सोमवारी या म्हटलं ना त्यांनी," मी मागून गाठलं. "चला घरी."

"दुसरी वाट उघडी आहे, वहिनी. सगळीकडच्या यंत्रांत." त्यांनी संगणक सुरू केला, बाह्या वर सारल्या. "तीन दिवस फुकट गेले. मास्तर, खुर्ची आणा इकडे. मी लिहिते, तुम्ही वाचा. आणि नीट वाचा."

मास्तर मुकाट्याने खुर्ची आणायला गेले.

मी बाहेर जिन्यापाशी येऊन घरी फोन लावला. पहिल्याच घंटेला यांनी उचलला, पण विचारायचा धीर होईना. नुसता श्वास ऐकू येत होता.

"वन्संना आज उशीर होईल," मी म्हटलं. "कामावर आहेत त्या."

पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला. मग ते "बरं" म्हणाले आणि रडायला लागले.